एप्रिल-मे मधे स्वीडन-नॉर्वेला निघालात? सोलापुरातून बॅग भरताना काय घ्यायचं आणि काय घरीच ठेवायचं

सोलापुरातून उत्तर युरोपला जाणारी माणसं आता बरीच झालीत. कुणी टूरबरोबर जातंय, कुणाचा मुलगा स्टॉकहोमला आयटीत आहे, कुणाची लेक कोपनहेगनला आहे आणि तिची डिलिव्हरी जवळ आली म्हणून आई-बाबा तीन महिन्यांसाठी निघालेत. जायचा मोसम बहुतेकांचा एप्रिल-मे, कारण मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि इथल्या उन्हातून सुटका होते. आणि मग सगळ्यांचा प्रश्न एकच, कपडे काय घेऊ? त्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय, नीट वाचा आणि घरात जे बॅग भरणार आहेत त्यांनाही वाचायला द्या.

पहिली गोष्ट, तिकडच्या स्प्रिंगला आपला वसंत समजू नका. आपल्याकडे चैत्रात पारा ४० च्या पुढे जातो आणि मे मधे ४२-४३ चं ऊन रोजचंच. स्वीडनच्या हवामान खात्याचा हिशोब काय आहे माहितीय का, दिवसरात्रीचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर राहिलं की वसंत आला. शून्याच्या वर, बस्स. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला स्टॉकहोममधे दुपारी ८-१० अंश आणि पहाटे १-२ अंश, म्हणजे आपल्या फ्रीजमधे दूध ठेवतो तेवढी हवा दिवसभर बाहेर असते. हेलसिंकी त्याहून थोडं गार, ऑस्लो साधारण स्टॉकहोमसारखंच, कोपनहेगन दोन अंश बरं. मे च्या मध्यानंतर स्टॉकहोम-कोपनहेगनला दुपार १६-१७ पर्यंत जाते, पण रात्री परत ६-७. नॉर्वेचं बर्गन शहर म्हणजे पावसाचं माहेरघर, वर्षातले २०० च्या वर दिवस तिथं पाऊस असतो. आणि अगदी वर ट्रॉम्सोला जाणार असाल तर एप्रिलमधे रस्त्याच्या कडेला चांगला ढीगभर बर्फ असतो, तिथं स्प्रिंग हा शब्द विसरूनच बॅग भरायची.

आता हे आकडे ऐकले की आपला सोलापूरकर काय करतो, तर सरळ एक भलामोठा जाड कोट घेतो आणि म्हणतो झालं काम. इथंच खरं बघायला पाहिजे. तिकडे एप्रिल-मे मधे एकाच दिवसात सकाळी कडक गारठा, अकराला मस्त ऊन, दोनला वारा आणि पाऊस, कधी मधेच बर्फाचे दाणे, असं सगळं होतं. शिवाय घरं, दुकानं, ट्रेन, मॉल सगळीकडे हीटिंग असतं, आत २०-२२ अंश. म्हणजे जाड कोट घालून बसमधे चढलात की पाच मिनिटांत घाम, उतरलात की तोच घाम अंगावर गार पडतो आणि हुडहुडी भरते. कोट काढावा तर आत नुसता हाफ शर्ट. म्हणून एक जाड कपडा नाही, तीन पातळ कपडे, जे सुटे सुटे काढता-घालता येतील. आपल्या चादरींच्या गावात तर हे सांगायलाच नको, एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी एकावर एक घेतल्या की जास्त ऊब येते हे आपल्याकडे लहान पोरालाही माहिती असतं, दोन्हींच्या मधे जी हवा अडकते ती ऊब धरते. कपड्यांचंही तेच.

अंगाला चिकटून पहिला थर म्हणजे थर्मल, आपण ज्याला इनर म्हणतो ते. दुसरा थर फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचं जॅकेट किंवा लोकरीचा स्वेटर. तिसरा सगळ्यात वरचा, वारा आणि पाऊस अडवणारं पातळ जॅकेट, टोपीसकट. हा तिसरा थर सगळ्यात महत्त्वाचा आणि आपली माणसं नेमका तोच सोडतात, कारण हातात घेतला तर पातळ लागतो आणि वाटतं ह्यानं काय थंडी जाणार. पण तिकडे थंडीपेक्षा वारा जास्त त्रास देतो. ५ अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते शून्य अंशासारखं लागतं, आणि कोपनहेगन, बर्गन, गोथेनबर्ग ही सगळी समुद्राकाठची गावं, वारा तिथं कायमचाच. हाताने विणलेला स्वेटर कितीही गरम असू दे, वारा त्याच्या भोकांतून सरळ आत जातो. त्याच स्वेटरवर ते पातळ जॅकेट चढवा आणि मग बघा.

इनरबद्दल एक सांगतो. सुती बनियन आणि सुती इनर आपल्या हवेला उत्तम, घाम पितं, अंगाला बरं वाटतं. पण तिकडे तेच नडतं, सुती कपडा ओला झाला की ओलाच राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. त्यामुळे इनर पॉलिएस्टरच्या मिश्रणाचं घ्या, किंवा बजेट असेल तर मेरिनो लोकरीचं. मेरिनो महाग पडतं पण टोचत नाही आणि दोन-तीन दिवस घातलं तरी वास येत नाही, म्हणजे दोन जोड्यांवर आख्खी ट्रिप निघते. जीन्सचंही तसंच, एक जीन्स ठेवा शहरात फिरायला, पण चार-चार जीन्स नका कोंबू. एकेक जीन्स ६०० ग्रॅमच्या आसपास भरते, पावसात भिजली की दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही आणि मांडीला गार लागत राहते. त्यापेक्षा ट्रेकिंगच्या पँटी दोन घ्या, हलक्या असतात, अर्ध्या रात्रीत वाळतात, गारठा जास्त असेल तर आतून इनर घालता येतं.

हे सगळं घ्यायचं कुठं आणि कधी? एप्रिलमधे नवी पेठेत जाऊन स्वेटर मागितला तर दुकानदार तुमच्याकडे बघत बसेल, सगळीकडे कॉटनचा सीझन. लोकरीचं, कानटोपी, हातमोजे, इनर हे सगळं डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत घेऊन ठेवायचं, तेव्हा स्वेटरवाले पण बसलेले असतात आणि निवडायला माल असतो. ट्रिप उशिरा ठरली असेल तर पुण्याला डेकॅथलॉन ह्या खेळाच्या सामानाच्या दुकानात बाराही महिने फ्लीस, पावसाचं जॅकेट, ट्रेकिंगचे शूज मिळतात, वंदे भारतनं सकाळी जाऊन रात्रीपर्यंत परत येता येतं. आणि त्याच्या आधी नातेवाइकांत एक फोन फिरवा. प्रत्येक खानदानात कुणीतरी अमेरिका-युरोप करून आलेलं असतंच आणि त्यांचं जॅकेट कपाटात वरच्या फळीवर डांबरगोळ्यांत पडलेलं असतं. मागून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, पण निघायच्या आठ दिवस आधी गच्चीवर सावलीत टांगून त्याचा वास घालवा. तिकडे म्युझियममधे, हॉटेलात सगळ्यांचे कोट एका खुंटीला एकाशेजारी एक लटकतात, डांबरगोळीचा वास शेजाऱ्याच्या कोटाला लागतो.

वरचं जॅकेट दुकानात कसं बघायचं ते जरा सविस्तर सांगतो कारण पैसे तिथंच वाया जातात. लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असेल तर ते रिमझिमीपुरतं, 'वॉटरप्रूफ' पाहिजे, आणि कापड पाण्याचा किती दाब झेलतं त्याचा आकडा दिलेला असतो, १०,००० मिलिमीटर किंवा वर असेल तर चांगलं. मग जॅकेट उलटं करा आणि खांद्याची शिवण आतून बघा. शिवणीवर प्लास्टिकसारखी पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. ती नसेल तर कापड कितीही भारी असलं तरी पाणी शिवणीच्या टाक्यांतून आत येणार, आणि पहिल्यांदा खांद्यावरच येणार कारण बॅगेचा पट्टा तिथंच दाबतो. चेनवर कापडाची झडप आहे का, टोपीला आवळायची दोरी आहे का, मनगटाला वेल्क्रो आहे का हेही बघा, वाऱ्यात टोपी मागं उडाली तर तिचा उपयोग शून्य. घरी आणल्यावर बाथरूममधे बाहीवर तांब्याभर पाणी ओता. पाण्याचे थेंब मोत्यासारखे गोल होऊन घरंगळले तर ठीक, कापड काळपट होऊन पाणी प्यायला लागलं तर बदलून आणा. आणि साईज घेताना आत स्वेटर घालून बघायचं. सोलापूरच्या उकाड्यात दुकानात स्वेटर घालणं जिवावर येतं, मान्य आहे, मग सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, पण तसं बघूनच घ्या, नाहीतर तिकडे गेल्यावर दोन्ही एकावर एक बसत नाहीत आणि काख आवळते. छत्रीवर भिस्त ठेवू नका, बर्गनच्या वाऱ्यात छत्री उलटी व्हायला मिनिट लागत नाही.

फुगीर जॅकेट, ते पिसांचं, घ्यायचं का असं सगळे विचारतात. मे मधे फक्त कोपनहेगन-स्टॉकहोम असेल तर गरज नाही. एप्रिलचा पहिला पंधरवडा, आइसलँड, लॅपलँड, ट्रॉम्सो असेल तर घ्या, पण पातळ घ्या जे वरच्या जॅकेटच्या आत जाईल. पिसं भिजली की चपटी होतात आणि ऊब जाते, त्यामुळे पाऊस असेल तर त्याच्यावर ते वॉटरप्रूफ पाहिजेच. आणि नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारे ते हिरवे उजेड, बघायचेत म्हणून कुणी रात्रीच्या कडाक्याच्या थंडीचे कपडे भरत असेल तर लक्षात ठेवा, साधारण एप्रिलच्या मध्यानंतर तिकडे रात्र पुरेशी काळी होतच नाही, मे मधे ते दिसणार नाहीत, तेवढं ओझं वाचलं.

आता आईचा, सासूबाईंचा विषय, ह्यावर कुणी नीट बोलत नाही. साठी-पासष्टीच्या पुढच्या आपल्या बायका आयुष्यभर साडीच नेसलेल्या असतात आणि त्यांना पँट घाला म्हटलं की प्रवासाचा आनंदच जातो. जबरदस्ती करू नका, साडीतही जमतं. परकराच्या आत थर्मलची लेगिंग, पायात गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे आणि बूट. साडी सुती किंवा इरकल नको, ती पाणी धरून ठेवते आणि वाळत नाही, सिंथेटिक साडी घ्या, फॉलपाशी भिजली तरी तासाभरात वाळते. नेसताना नेहमीपेक्षा दोन-तीन बोटं वर नेसायची म्हणजे काठ ओल्या फुटपाथवर लोळत नाही आणि एस्केलेटरमधे अडकत नाही. ब्लाऊजच्या जागी पूर्ण बाह्यांचं, बंद गळ्याचं इनर त्याच रंगाचं मिळालं तर फारच छान, वरून स्वेटर, पदर कोटाच्या आत खोचायचा आणि कोट गुडघ्याच्या खाली जाणारा लांब घ्यायचा. कमरेपर्यंतचं जॅकेट साडीवर काही कामाचं नाही, वारा खालून निऱ्यांमधे शिरतो. ज्यांना पंजाबी ड्रेस चालतो त्यांचं सोपं, सलवारीऐवजी आतून जाड लेगिंग आणि वर तोच लांब कोट. कानाला वारा लागला की डोकं धरतं त्यामुळे स्कार्फ दोन, एक डोक्याला एक गळ्याला. बाबांची मफलर आणि माकडटोपी बिनधास्त घ्या, तिकडे कुणी कुणाच्या टोपीकडे बघत नाही.

शूज. आपल्याकडे वर्षातले दहा महिने चप्पल-सँडल, त्यामुळे नवा बूट घेतला आणि थेट विमानात घातला तर तिसऱ्या दिवशी टाचेला फोड. तिकडे दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. निघायच्या महिनाभर आधी बूट घ्या आणि रोज संध्याकाळी कंबर तलावावर नाहीतर पार्क मैदानावर त्याच बुटांत, त्याच जाड मोज्यांत अर्धा-पाऊण तास चाला. मोजे जाड असतात म्हणून बूट अर्धा नंबर मोठा, पुढं अंगठा हलला पाहिजे. तळवा खाचांचा हवा, गुळगुळीत नको. कारण असं की स्वीडन-फिनलंडमधे हिवाळ्यात बर्फावर पाय घसरू नये म्हणून फुटपाथवर बारीक खडी टाकतात, आणि बर्फ वितळल्यावर ती झाडून नेईपर्यंत एप्रिलमधे सगळीकडे पसरलेली असते, गुळगुळीत तळव्याखाली ती गोट्यांसारखी फिरते. वयस्कर माणसांनी ह्याकडे नक्की लक्ष द्यावं. बूट वॉटरप्रूफ असेल तर उत्तम, एकच जोड भारी घ्या, दुसरा हलका. मोजे मात्र भरपूर, पाच-सहा जोड, त्यातले दोन तरी लोकरीचे, आणि फाटके नकोत. तिकडे घरात जाताना दारात बूट काढायची पद्धत अगदी आपल्यासारखीच आहे, कुणाकडे जेवायला बोलावलं तर मोज्यांवरच बसायचं असतं.

काय घरी ठेवायचं हेही तितकंच महत्त्वाचं. सोलापुरी चादर ठेवा, मला माहितीय जीव तुटतो, पण ती जड आहे आणि तिकडे प्रत्येकाला स्वतंत्र गरम दुलई मिळते, अगदी डबल बेडवर सुद्धा नवरा-बायकोला दोन वेगळ्या. मुलांना भेट म्हणून न्यायची असेल तर वेगळी गोष्ट, मग वजन धरून न्या. आपले जाड टर्किश टॉवेल पण नकोत, गार हवेत दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि बॅगेत दमट वास येतो, त्याऐवजी एक पातळ पंचा न्या, सगळ्या कामाला येतो. शेंगा चटणी कोरडी असली तरी तेल सोडतेच, ती कपड्यांच्या बॅगेत टाकायची तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर डबा, नाहीतर फ्लीसला लागलेला तो लाल डाग जात नाही. खोबरेल तेल सोलापुरात पातळ असतं, झाकण सैल असेल तर बॅगेत सांडणार, आणि तिकडे उतरल्यावर २४ अंशांच्या खाली थिजून दगड होणार, म्हणून पसरट तोंडाच्या डबीत न्या म्हणजे बोटानं काढता येईल. हे घ्याच, कारण हीटिंगच्या कोरड्या हवेत हात-पाय-ओठ फुटतात.

पोहायचा ड्रेस बहुतेक जण विसरतात. फिनलंडला सौना, म्हणजे गरम वाफेची खोली, आणि आइसलँडला गरम पाण्याचे कुंड हे करून यायचंच असतं, कुंडात आणि बायका-पुरुष एकत्र बसतात त्या सौनात सुती हाफ पँट नको, नायलॉनचा कॉस्च्युम लागतो, बायका-पुरुषांच्या वेगळ्या सौनात मात्र तिकडची माणसं बहुधा कपड्यांशिवायच बसतात. गॉगल पण घ्या, सूर्य खाली असतो आणि सरळ डोळ्यांत येतो, बर्फ असेल तर जास्तच. आणि झोपताना डोळ्यावर बांधायची पट्टी, मे अखेरीला स्टॉकहोमला दिवस १८ तासांचा असतो, ट्रॉम्सोला तर २० मे च्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबतो, पडदा कितीही ओढा कुठून तरी उजेड येतो. हातमोजे पातळ चालतील पण मोबाइलला बोट लागेल असे बघा, नाहीतर प्रत्येक फोटोला काढायला लागतात आणि एक तरी हरवतोच.

दहा दिवसांसाठी एका माणसाला माझ्या मते एवढं पुरतं: इनरचे दोन जोड, पूर्ण बाह्यांचे टीशर्ट चार, फ्लीस एक, बरा स्वेटर एक जो फोटोत पण छान दिसेल, वरचं जॅकेट एक, पँटी तीन, आतले कपडे सहा-सात जोड, मोजे सांगितले तेवढे, रात्रीचा एक जोड, कानटोपी, मफलर, हातमोजे. बास. महिना-दोन महिने मुलाकडे राहणार असाल तरी एवढंच, वाढवू नका, कारण तिकडे वॉशिंग मशीन असतंच आणि स्वीडनमधे बऱ्याच बिल्डिंगमधे तळघरात धुणं-वाळवणाची खोली असते, त्यात गरम हवेचं उभं कपाट असतं ज्यात कपडे टांगले की दोन-तीन तासांत वाळतात. लोकरीचं मात्र त्यात टाकू नका, आक्रसतं, गार पाण्यात हातानं धुऊन टॉवेलमधे दाबून आडवं पसरून वाळवायचं. १७ मे ला नॉर्वेत असाल तर एक चांगला पोशाख जास्त घ्या, तो त्यांचा संविधान दिन, सगळा देश पारंपरिक कपड्यांत रस्त्यावर मिरवणुकीला असतो आणि त्यात आपली पैठणी किंवा झब्बा-जॅकेट फार शोभून दिसतं.

भरताना जड आणि टणक खाली, चाकांच्या बाजूला, कपडे घडी न करता गुंडाळून. हवा काढायच्या व्हॅक्यूम पिशव्या फुगीर जॅकेटला चांगल्या पण त्यानं जागा कमी होते, वजन तेवढंच राहतं, म्हणून काटा लावून बघा. तिकिटावर चेक-इन किती किलो आणि केबिन किती हे नीट वाचा, आणि युरोपात आतल्या आत दुसऱ्या स्वस्त विमानानं जाणार असाल तर त्याचे नियम वेगळे आणि जास्त कडक असतात. सगळ्यात जड बूट पायात घालूनच निघा. केबिन बॅगेत एक इनर, एक फ्लीस, एक जोड मोजे आणि वरचं जॅकेट हे ठेवायचंच ठेवायचं. चेक-इन बॅग कधी कधी एक-दोन दिवस उशिरा येते, तुम्ही सोलापूर स्टेशनवर घामाघूम होऊन हाफ शर्टात निघालेले असता आणि उतरल्यावर विमानतळाच्या दाराबाहेर ४ अंश आणि वारा. नवरा-बायको दोघं असाल तर दोन्ही बॅगांमधे दोघांचे कपडे अर्धे-अर्धे टाका, एक बॅग राहिली तरी दोघांची सोय होते. लहान मूल बरोबर असेल तर त्याचे दोन पूर्ण जोड केबिनमधे, आणि पावसाची पँट वेगळी घ्या. तिकडची पोरं पावसातही बागेत खेळतात, आपलंही मग मागं राहत नाही.

निघायच्या तीन दिवस आधी परत एकदा हवामान बघा. नॉर्वेच्या हवामान खात्याचं आणि तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचं मिळून 'वाय-आर' नावाचं फुकट अॅप आहे, जगातल्या कुठल्याही गावाचा अंदाज देतं. त्यात नुसतं तापमान बघू नका, वाऱ्याचा आकडा बघा, तो मीटर प्रति सेकंदात असतो, त्याला ३.६ नं गुणलं की ताशी किलोमीटर. आकडा ८ च्या वर दिसला तर एक टीशर्ट काढा आणि त्या जागी दुसरं फ्लीस टाका.